ओली वाळू

सातगोंडा गेला त्याला तीन दिवाळ्या झाल्या.
शिरोलीचा फाटा आला की बसमध्ये
मी अजून खिडकी सोडून आत सरकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो,
फौंड्रीत वितळल्या लोखंडाला आम्ही रस म्हणतो.
पाण्यासारखा वाहतो, पण पाण्याशी त्याचं पटत नाही.
साच्यातली वाळू कुठं चमचाभर ओली राहिली
तर रस आल्या वाटेनं परत उडतो.
त्या रात्री चमचाभरच राहिली होती.
लॅडलच्या दांड्याला एकीकडं मी, एकीकडं तो.
मला शिंक आली. मान वळवली.
एवढंच. मान वळवली.
दांडा हलला का, मला आजही माहीत नाही.

पोलिसांना सगळं सांगितलं, साहेबांना सांगितलं.
शिंकेचं कुणालाच नाही.

हाताची कातडी नवी आली.
सीपीआरमधनं सोडताना डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात.
मग घरात वेगळंच सुरू झालं.
कुकरची शिट्टी झाली की मी पलंगाखाली.
थट्टा नाही, खरंच खाली,
गाठोड्यांच्या आणि जुन्या चपलांच्या मध्ये.
लेकीच्या वाढदिवसाला केकवर फुलबाजी पेटली
आणि मी तिला असं मागं ओढलं
की तिचा हात तीन आठवडे गळ्यात.
सात वर्षांची प्राची. म्हणाली,
पप्पा, मी काय केलं?

पाव्हणे म्हणाले, बाहेरचं हाय, जोतिबाला घेऊन जावा.
तालमीतले म्हणाले, भावा, गडी हैस, धर की जरा मनाला.
धरलं. चार महिने धरलं.
मन म्हणजे काय लॅडलचा दांडा आहे?

शिरगुप्पे मॅडमांच्या खोलीतला पंखा आवाज करायचा.
पहिले तीन सोमवार मी त्याच्याकडंच बघत बसलो.
चौथ्या सोमवारी त्या म्हणाल्या,
"ती रात्र संपली, हे तुमच्या अंगाला अजून कुणी सांगितलेलं नाही.
ते रोज तुम्हाला वाचवायला धावतंय.
वेडं नाही ते. त्याच्याकडं जुनी बातमी आहे."

जुनी बातमी.
दाभोळकर कॉर्नरपर्यंत चालत आलो त्या दिवशी,
अंगाला ताजी बातमी देत:
हे उसाचं ट्रॅक्टर, केवढ्यानं गाणं लावलंय बघ.
हे म्हशीचं शिंग, निळं रंगवलेलं.
हे माझं पायताण. डावं करकरतं. उजवं नाही.

शिंकेचं सांगायला सात महिने लागले.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
पहिल्यांदाच वाटलं, पंखा बरा आहे.

माघात मेहुण्याच्या गुऱ्हाळावर गेलो, वडणग्याला.
काहिलीत रस उकळत होता. तिथंही रसच म्हणतात.
आधी रस्त्यावरनंच बघितलं.
मग बांधावरनं.
मग कृष्णात गुळव्याच्या मागं उभा राहिलो, घामानं निथळत.
तो मळी काढत होता.
फेस यायचा, काढायचा. परत यायचा.
"किती वेळ काढायची?" मी विचारलं.
वर न बघता म्हणाला, "येतीया तवर."

तिथलीच एक ढेप घेऊन रुकडीला गेलो.
सातगोंडाच्या आईनं पाणी दिलं.
मी सांगायला सुरुवात केली, निम्म्यावर आलो,
आणि शिंक आली.
ती आपली सवयीनं म्हणाली, "सत्य हाय."
मग थांबली. माझ्याकडं बघत राहिली बराच वेळ.
उठून आत गेली.
काडी ओढल्याचा आवाज आला.
मी खुर्चीचा हात धरला. पाय जमिनीवर होते.
चहात साखर जास्त झाली होती. मी सगळा प्यालो.

कुकर लागला की अजून परड्यात जातो.
पण पलंगाखाली नाही.
प्राचीचा हात बरा आहे.
फुलबाजी मात्र ती
मला विचारल्याशिवाय पेटवत नाही.